ऑनलाइन कोर्स निवडताना: गरजेपासून फीच्या पावतीपर्यंत

लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी अभ्यासिका चालवतो. तिथे येणारी मुले पूर्वी ‘सर, कोणते पुस्तक घेऊ?’ असे विचारत. आता ‘कोणता ऑनलाइन कोर्स करू?’ असे विचारतात. या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही, कारण ‘कोर्स’ या एकाच शब्दाखाली कौशल्य, प्रमाणपत्र आणि पदवी अशा तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. तिन्हींची पारख वेगळी, खर्च वेगळा आणि फसगत होण्याच्या जागाही वेगळ्या. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक फसगती शिकवणे वाईट होते म्हणून झालेल्या नाहीत. ज्याला कौशल्य हवे होते त्याने प्रमाणपत्र विकत घेतले, आणि ज्याला शासनमान्य प्रमाणपत्र हवे होते त्याने नुसते व्हिडिओ विकत घेतले, म्हणून त्या झाल्या. त्यामुळे या लेखाची सुरुवात कोर्सच्या यादीपासून न करता गरजेपासून करतो.

पहिली पायरी: गरज एका वाक्यात लिहून काढा

वहीच्या कोऱ्या पानावर एकच वाक्य लिहा. ते दोनपैकी एका धाटणीचे असावे: ‘अमुक महिन्यापर्यंत मला अमुक काम स्वतःच्या हाताने करता आले पाहिजे’, किंवा ‘अमुक पदाच्या अर्जासोबत मला अमुक कागद जोडता आला पाहिजे’. ‘संगणक शिकायचा आहे’ किंवा ‘काहीतरी आयटीचे करायचे आहे’ या वाक्यांवरून कोर्स निवडता येत नाही, कारण तो संपला की नाही हेसुद्धा त्यावरून ठरवता येत नाही. याउलट ‘मोंढ्यातील आडत दुकानाचे जीएसटीचे हिशेब मला टॅलीत स्वतः बसवता यावेत’ हे वाक्य लिहिणाऱ्याला कोणता धडा उपयोगाचा आणि कोणता निरुपयोगी हे आपोआप कळू लागते. वाळूजच्या कारखान्यात काम करणारा आयटीआय झालेला मुलगा ‘पीएलसीवर (यंत्र आपोआप चालवणाऱ्या संगणकीय नियंत्रकावर) चालणारे यंत्र बंद पडले तर दोष कुठे आहे हे मला शोधता यावे’ असे लिहील. घरी शिलाई यंत्र असलेली बाई ‘शाळेच्या गणवेशाची ऑर्डर घेता येईल इतके मापाप्रमाणे कटिंग मला यावे’ असे लिहील. या दोघांना सर्टिफिकेटशी फारसे कर्तव्य नाही. त्यांचा पुरावा त्यांच्या कामातच दिसणार आहे.

दुसऱ्या धाटणीचे वाक्य लिहिणाऱ्याने मात्र अधिक सावध असले पाहिजे. जिथे कागद लागतो तिथे तो कोणाचा चालेल हे कागद मागणारा ठरवतो. शिकवणारा कितीही नामवंत असला तरी त्याच्या मताला तिथे किंमत नसते. लिपिक-टंकलेखक पदाचे उदाहरण घ्या. त्यासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचे शासकीय प्रमाणपत्र मागितले जाते, आणि ते महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखन परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच मिळते. एखाद्या ॲपवर तुम्ही मिनिटाला ५० शब्दांचा वेग गाठला आणि त्यांनी सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र पाठवले, तरी अर्जाच्या छाननीत ते उपयोगी पडणार नाही. सराव ॲपवर करावा, हे ठीकच. पण परीक्षा तीच द्यावी लागेल. संगणक ज्ञानाच्या अटीचेही तसेच आहे. राज्य शासनाच्या बहुतेक जाहिरातींत एमएस-सीआयटी किंवा पूर्वी डोएक आणि आता नायलिट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे सीसीसी, ओ लेव्हल अशी नावे स्पष्ट दिलेली असतात. नायलिटचे केंद्र छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या परिसरात आहे, आणि एमएस-सीआयटी तर २००१ पासून तालुक्या-तालुक्यांत चालते. त्यामुळे हा कागद हवा असेल तर दूरच्या कंपनीचा महागडा ‘कॉम्प्युटर डिप्लोमा’ घेण्याचे कारणच उरत नाही.

अलीकडे सोयाबीन आणि कापसावर ड्रोनने फवारणी होऊ लागल्यापासून ‘घरबसल्या ड्रोन पायलट व्हा’ अशा जाहिराती आमच्या भागातील तरुणांच्या मोबाइलवर येऊ लागल्या आहेत. ड्रोन नियम २०२१ नुसार फवारणीचा ड्रोन चालवण्यासाठी लागणारे प्रमाणपत्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, मान्यता असलेल्या प्रशिक्षण संस्थेतूनच मिळते आणि त्यात प्रत्यक्ष मैदानावरचे उड्डाण असते. केवळ व्हिडिओ पाहून मिळणारे प्रमाणपत्र या कामाला चालत नाही. ज्या कामात हाताला, यंत्राला किंवा माणसाच्या शरीराला स्पर्श होतो, त्या कामाचे शिक्षण पूर्णपणे ऑनलाइन होत असल्याचा दावा दिसला, की तिथे थांबून चौकशी करावी.

दुसरी पायरी: ज्याच्यासाठी शिकायचे, त्याला आधी विचारा

कोर्स विकणाऱ्याला विचारण्याआधी काम देणाऱ्याला विचारावे. आडत दुकानात नोकरी हवी असेल तर दोन दुकानांच्या मुनिमांना आणि एका कर सल्लागाराला भेटून ‘नव्या मुलाला पहिल्या महिन्यात तुम्ही काय काम देता?’ एवढे विचारा. कारखान्यात बढती हवी असेल तर मेंटेनन्सच्या साहेबांना विचारा. ओळख नसलेल्या क्षेत्रात जायचे असेल तर त्या पदाच्या दहा जाहिराती शोधून, प्रत्येकीत मागितलेल्या गोष्टी वहीत उतरवा आणि कोणती गोष्ट किती वेळा आली ते मोजा.

आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीने डेटा ॲनालिटिक्सचा सहा महिन्यांचा कोर्स घ्यायचे जवळजवळ ठरवले होते. तिला पुणे आणि छत्रपती संभाजीनगरच्या दहा जाहिराती वाचायला लावल्या. तिला शक्य वाटणाऱ्या सुरुवातीच्या पदांमध्ये एक्सेल जवळपास सगळीकडे होते, एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या माहितीतून हवे ते शोधून काढण्याची संगणकाची भाषा, बऱ्याच ठिकाणी होते, आणि ज्या मशीन लर्निंगसाठी ती मोठी फी भरणार होती ते अगदी थोड्या जाहिरातींत होते. तिने आधी एक्सेल पक्के करायचे ठरवले, तेही मोफत साधनांवर. या मोजणीला एक दुपार लागते आणि मोबाइलशिवाय काहीही खर्च येत नाही, तरीही मी पाहिलेल्यांपैकी फार थोडे जण ती करतात.

तिसरी पायरी: आपले तास, आपली रेंज आणि आपली सुगी

या पायरीवर मी थोडा अधिक थांबणार आहे, कारण कोर्सची माहितीपत्रके मोठ्या शहरातल्या नोकरदाराला समोर ठेवून लिहिलेली असतात आणि आपले वर्षाचे वेळापत्रक त्यांत कुठेच नसते.

स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी व्यासपीठांवरील सत्रे वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये सुरू होतात. जुलैच्या सत्रातील बारा आठवड्यांचा कोर्स ऑक्टोबरपर्यंत चालतो आणि त्याची परीक्षा साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येते. मराठवाड्यात शेती असलेल्या घरासाठी याचा अर्थ असा, की सुरुवातीचे आठवडे पेरणी-खुरपणीत जातात आणि परीक्षेची तयारी नेमकी सोयाबीनच्या काढणीवर येते. बीड, धाराशिवकडील ज्या घरांतून माणसे ऊसतोडीला जातात, तिथे तर दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाडच हलते. अशा विद्यार्थ्याने जुलैत बारा आठवड्यांचा कोर्स घेण्याऐवजी चार किंवा आठ आठवड्यांचा घ्यावा, किंवा सरळ जानेवारीच्या सत्राची वाट पाहावी. जानेवारीतही तुरीची रास आणि पुढे हरभरा-ज्वारीची काढणी असतेच, पण कामाचा ताण तुलनेने विखुरलेला राहतो. घरचे वर्ष कसे जाते हे आईवडिलांबरोबर बसून आधी कॅलेंडरवर मांडले, तर अर्ध्यात सुटणारे बरेच कोर्स सुटणार नाहीत.

दुसरा मुद्दा लाइव्ह वर्ग आणि रेकॉर्ड केलेले धडे यांचा. माझ्या पुतण्याने रात्री आठ ते दहा अशा लाइव्ह वर्गांचा कोर्स घेतला होता. शेतीपंपाला वीज आठवडा दिवसा आणि आठवडा रात्री मिळायची. रात्रपाळीच्या आठवड्यात तो विहिरीवर असायचा. संस्थेकडे रेकॉर्डिंग होते, पण ते ४८ तासांतच काढून टाकले जाई, आणि ही गोष्ट फी भरल्यानंतर कळली. म्हणून लाइव्ह वर्ग घेताना तीन प्रश्न लेखी विचारावेत: रेकॉर्डिंग मिळते का, ते किती दिवस राहते, आणि ते उतरवून घेता येते का. उत्तर फोनवर दिले गेले, तर तेच ई-मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून द्यायला सांगावे.

नेटपॅकचा हिशेबही आधीच करावा. ३६०पी दर्जाचा व्हिडिओ तासाला साधारण ३०० ते ४०० एमबी घेतो आणि ७२०पीचा एक जीबीच्या पुढे जातो. रोज दीड जीबीच्या पॅकवर घरातली दोन माणसे मोबाइल वापरत असतील, तर रोज दोन तासांचा उच्च दर्जाचा वर्ग झेपणार नाही. जिथे रेंज फक्त गच्चीवर किंवा वेशीजवळ मिळते, तिथल्या मुलांनी धडे उतरवून घेण्याची सोय असलेलाच कोर्स पाहावा. टॅली, कॅड किंवा प्रोग्रामिंगसारखा विषय मोबाइलवर पाहून समजल्यासारखा वाटतो, पण हाताला येत नाही. संगणक नसेल तर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, अभ्यासिकेत किंवा एखाद्या ओळखीच्या सेवा केंद्रात आठवड्याला निदान चार तास मिळतील का, हे ठरवल्याशिवाय अशा विषयात पडू नये.

वेळ मोजताना आठवड्याचे खरे तास मोजा. माहितीपत्रकात ‘आठवड्याला पाच तास’ असेल, तर ते व्हिडिओ पाहण्याचे तास असण्याची शक्यता मोठी असते. सराव, असाइनमेंट आणि न समजलेला भाग पुन्हा पाहणे धरले तर त्याचे दुप्पट तास राखून ठेवावेत, असा माझा अनुभव आहे. गेल्या आठवड्यात आपण खरोखर किती तास मोकळे होतो हे दिवसवार लिहून पाहावे. पुढच्या आठवड्यात किती मोकळे असू, या अंदाजावर विसंबू नये.

भाषेचा प्रश्न यालाच लागून येतो. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला इंग्रजीतला विषय समजत नाही असे नाही. त्याला विषय आणि भाषा अशी दोन ओझी एकाच वेळी उचलावी लागतात, म्हणून तो थकतो. विषय नवा असेल तर पहिला कोर्स मराठीत किंवा सोप्या हिंदीत करावा आणि दुसरा इंग्रजीत. त्या वेळी पारिभाषिक शब्द ओळखीचे झालेले असतात.

चौथी पायरी: कुठे शोधावे

आधी मोफत आणि सार्वजनिक जागा पाहाव्यात. स्वयम हे केंद्र सरकारचे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. त्यावर शालेय विषयांपासून पदव्युत्तर विषयांपर्यंतचे कोर्स आहेत आणि प्रवेश मोफत आहे. देखरेखीखालील परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचे असेल तरच शुल्क लागते. महाविद्यालयात शिकणाऱ्यांसाठी यात मोठा फायदा असा, की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) स्वयमच्या कोर्समधून घेता येऊ शकतात. मात्र तुमच्या महाविद्यालयाने आणि विद्यापीठाने तो विशिष्ट कोर्स मान्य केला आहे का, हे प्रवेशाआधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्यावे.

एनपीटीईएल हा आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांचा २००३ पासूनचा उपक्रम आता स्वयमचाच भाग आहे, आणि अभियांत्रिकी, विज्ञान, व्यवस्थापन यांसाठी मी सर्वांत आधी त्याचे नाव सांगतो. त्याची गुणपद्धती कडक आहे, म्हणूनच त्याच्या कागदाला वजन आहे. असाइनमेंटला २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ गुण असतात; उत्तीर्ण होण्यासाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे स्वतंत्र गुण लागतात. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये उत्तम आठ असाइनमेंट धरल्या जातात, त्यामुळे सुगीत तीन-चार आठवडे बुडाले तरी सगळे संपत नाही. परीक्षा केंद्रांची यादी आधीच पाहावी, कारण हिंगोली किंवा परभणीच्या खेड्यातील मुलाला एका परीक्षेसाठी पहाटे निघून मोठ्या शहरात जावे लागणार असेल, तर प्रवासखर्चही फीमध्येच धरायला हवा.

आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आपल्याकडे जितका माहीत असायला हवा तितका नाही, याची मला खंत वाटते. लिब्रेऑफिस, पायथन, लिनक्स यांसारख्या मुक्त सॉफ्टवेअरवरचे साधारण दहा मिनिटांचे धडे त्यावर आहेत, त्यांतील अनेक मराठी आवाजात आहेत. पडद्याच्या एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडून, बघत-थांबवत स्वतः करत जायचे, अशी त्याची रीत आहे. कमी रेंजच्या गावात शिकणाऱ्यासाठी याहून सोयीची रचना मी पाहिलेली नाही. कौशल्याधारित छोट्या कोर्ससाठी २०२३ मध्ये सुरू झालेले स्किल इंडिया डिजिटल हब पाहता येते. नोकरी किंवा घर सांभाळून रीतसर शिक्षण पूर्ण करायचे असेल तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, ज्याची विभागीय केंद्रे नांदेडला आणि छत्रपती संभाजीनगरलाही आहेत.

खासगी व्यासपीठांपैकी युडेमीवर एकेका कोर्सची किंमत असते आणि सवलती इतक्या वारंवार येतात, की छापील किमतीला कोर्स घेण्याची सहसा गरज पडत नाही. बहुतेक खरेदींवर ३० दिवसांत पैसे परत मागता येतात. त्याचे प्रमाणपत्र मात्र कोर्स संपवल्याची नोंद असते, त्याहून अधिक काही नाही. कोर्सेरावर पुष्कळदा मासिक वर्गणी असते, त्यामुळे रेंगाळलात तर फी वाढत जाते; पैशाची अडचण असणाऱ्यांसाठी आर्थिक साहाय्याच्या अर्जाची सोय तिथे आहे आणि तो मन लावून लिहिला पाहिजे.

पाचवी पायरी: कोर्स उघडून तपासा

पहिला व्हिडिओ पाहून कोर्स निवडू नका. पहिला धडा सगळ्यांचाच आकर्षक असतो, कारण त्यावर सर्वांत जास्त मेहनत घेतलेली असते. मधला धडा उघडा, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातला, जिथे विषय अवघड होऊ लागतो. तिथे शिक्षक पायरी गाळत नाही ना, चुकले तर काय दिसते हे दाखवतो ना, फलकावर लिहितो की नुसत्या स्लाइड वाचतो, हे वीस मिनिटांत कळते. मधला धडा पाहायला न देणाऱ्या कोर्सबद्दल मी साशंक राहतो.

अभ्यासक्रमाची यादी वाचताना नामांकडे नव्हे, क्रियापदांकडे लक्ष द्या. ‘जीएसटीची ओळख, जीएसटीचे महत्त्व, जीएसटीचे भवितव्य’ अशी यादी असेल तर हातात काही पडणार नाही. ‘खरेदीची नोंद करणे, चुकलेली नोंद दुरुस्त करणे, विवरणपत्राशी ताळा जुळवणे’ अशी यादी असेल तर तिथे काम शिकवले जाणार आहे. आपल्या वहीतले पहिले वाक्य शेजारी ठेवून यादीतील कोणते धडे त्याला लागू पडतात त्यांवर खूण करा. निम्म्याहून कमी धड्यांवर खूण झाली तर तो कोर्स दुसऱ्या कोणासाठी तरी चांगला असेल, तुमच्यासाठी नाही.

यानंतर तारीख पाहावी. इतिहास किंवा पायाभूत गणिताचा दहा वर्षे जुना धडा चालतो. कर, सॉफ्टवेअर आणि डिजिटल मार्केटिंगचा दोन वर्षे जुना धडाही चुकीचे शिकवू शकतो. पूर्वज्ञानाची अट प्रामाणिकपणे वाचावी. असाइनमेंट कोण तपासते, शंका विचारल्यावर उत्तर किती दिवसांत येते, हे चर्चापीठावरच्या जुन्या प्रश्नांवरून पाहावे. तिथे महिनोन्महिने अनुत्तरित प्रश्न पडलेले असतील तर पुढेही तसेच होईल. अभिप्राय वाचताना पाच तारे देणारे बाजूला ठेवून तीन तारे देणारे वाचावेत, कारण काय चांगले आणि काय कमी हे तेच नेमके सांगतात.

पदवी असेल तर ही चौकशी चुकवू नका

ऑनलाइन पदवीचा निर्णय तीन-चार वर्षांचा असतो, म्हणून तिची तपासणी वेगळी आणि अधिक काटेकोर असावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे यूजीसी-डीईबीच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. तिच्यात तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: विद्यापीठाचे नाव, नेमका अभ्यासक्रम आणि ज्या वर्षी व सत्रात तुम्ही प्रवेश घेणार ते सत्र. विद्यापीठ मान्य असूनही तो अभ्यासक्रम मान्य नसणे शक्य असते. अशा मान्यताप्राप्त ऑनलाइन आणि दूरस्थ पदव्या नेहमीच्या पदव्यांच्या समकक्ष धरल्या जातील, हे आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा ‘ऑनलाइन पदवीला किंमत नसते’ हे सरसकट म्हणणेही चूक आहे.

काही शिक्षण मात्र या मार्गाने मिळतच नाही. अभियांत्रिकी, वैद्यक, दंतवैद्यक, फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी, वास्तुकला (आर्किटेक्चर), विधी आणि कृषी या पदव्यांना ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीची परवानगी नाही, आणि पीएचडीलाही नाही. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासारख्या आरोग्याशी निगडित विषयांवरही बंदी आली आहे. ‘एका वर्षात बी.टेक., मागील तारखेचे प्रमाणपत्र’ असे सांगणारा एजंट भेटला तर त्याच्याशी पुढे बोलूच नये. विद्यापीठाने आपली पदवी दुसऱ्या कंपनीला फ्रँचायझी म्हणून चालवायला देणे नियमबाह्य आहे, याबद्दल आयोगाने वेळोवेळी सूचना काढल्या आहेत. म्हणून फी नेहमी विद्यापीठाच्याच खात्यावर भरावी, मध्यस्थाच्या नव्हे.

आयआयटी मद्रासची डेटा सायन्समधील बी.एस. पदवी जेईई न देताही घेता येते. आधी चार आठवड्यांचा अभ्यास आणि पात्रता परीक्षा असते, परीक्षा केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात, आणि मध्येच थांबले तरी पूर्ण केलेल्या टप्प्याचे प्रमाणपत्र मिळते. गणिताची आवड असलेल्या, पण घर सोडू न शकणाऱ्या मुलींना मी ती आवर्जून सुचवतो. अभ्यास मात्र खरोखर कठीण आहे.

पैसा: पावती, हप्ता आणि परतावा

पुतण्याची गोष्ट इथे पूर्ण करतो, कारण आमच्या घराला तिची झळ लागली आहे. कोर्सची फी ४८,००० रुपये होती आणि विक्री प्रतिनिधीने ‘महिन्याला फक्त चार हजार’ असे सांगितले. मोबाइलवर आधार आणि पॅनचे फोटो मागवले, एक ओटीपी मागितला, आणि त्या ओटीपीने एका वित्तसंस्थेचे कर्ज त्याच्या नावावर उभे राहिले. कोर्स दोन महिन्यांत सुटला, पण हप्ता सुटला नाही, कारण कर्ज देणारा वेगळा आणि शिकवणारा वेगळा होता. हप्ते थकल्यावर त्याची नोंद क्रेडिट अहवालात गेली आणि पुढे ट्रॅक्टरच्या कर्जाच्या वेळी बँकेने त्यावर बोट ठेवले. ‘हप्ता’ हा शब्द ऐकला की ते कर्ज आहे असेच समजावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्जापूर्वी व्याज, शुल्क आणि एकूण परतफेड दाखवणारे मुख्य तथ्य विवरणपत्र द्यावे लागते, आणि कर्ज घेतल्यानंतर ठरावीक मुदतीत दंडाशिवाय मागे फिरण्याची सोयही द्यावी लागते. ते विवरणपत्र मागा, वाचा, आणि ‘आज रात्री बारापर्यंतच सवलत’ असे कोणी म्हणाले तरी एक रात्र जाऊ द्या.

यूपीआयच्या ऑटोपेने वर्गणी सुरू केली असेल तर पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते. ती दुर्लक्षू नये. यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपे रद्द करता येते. जाहिरातीतील फीवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागणार आहे का, परीक्षा आणि प्रमाणपत्राचे शुल्क त्यात धरले आहे का, हेही विचारावे. परताव्याचे नियम संकेतस्थळावर जसे असतील तसे त्यांचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवावेत, कारण नियम बदलले जातात.

‘१०० टक्के नोकरीची हमी’ या शब्दांवर कधीही फी भरू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि त्यांत नोकरीच्या किंवा निवडीच्या खोट्या हमीला मनाई आहे. शेअर बाजार शिकवणाऱ्यांबाबतही एक खूण लक्षात ठेवावी. फक्त शिक्षण देणाऱ्याने मागील तीन महिन्यांतील भाव वापरून शिकवू नये, असे शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले होते. त्यामुळे ‘शिकवता शिकवता रोजचे कॉल (कोणता शेअर घ्यावा-विकावा याचे सल्ले) देतो’ म्हणणाऱ्याचा कोर्स हा शिक्षणाचा कोर्स नव्हे.

फसवणूक झालीच तर लाज वाटून गप्प बसू नये. सेवेबद्दलची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचे झाल्यास, २०१९ च्या कायद्याने तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते. कंपनी बंगळूरची असली तरी लातूरच्या माणसाला तिकडे जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीला शुल्कही नाही. खात्यातून परस्पर पैसे गेले असतील तर विलंब न करता १९३० वर फोन करावा, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

फी भरण्याआधीचे पंधरा दिवस

एवढे सगळे तपासल्यावर दोन कोर्स शिल्लक राहिले, तर स्वस्त किंवा महाग यावरून न ठरवता त्याच विषयाचा एखादा मोफत धडा पंधरा दिवस रोज ठरल्या वेळी करून पाहावा. घरच्यांना ती वेळ सांगून ठेवावी. विशेषतः मुलींच्या बाबतीत संध्याकाळची वेळ स्वयंपाकाच्या आड येते, म्हणून पहाटेची किंवा दुपारची वेळ आईशी बोलून ठरवलेली बरी. पंधरापैकी दहा दिवस साधले तर फी भरण्यास हरकत नाही. पाच-सहाच दिवस साधले तर कोर्स छोटा घ्यावा किंवा पुढच्या सत्रावर टाकावा.

एनपीटीईएलसारख्या व्यासपीठावर ही चाचणी घेण्याची सोय आयतीच आहे, कारण कोर्सची मोफत नोंदणी आणि परीक्षेची सशुल्क नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी असून परीक्षा नोंदणीची मुदत कोर्स सुरू झाल्यानंतर काही आठवड्यांनी संपते. तोपर्यंत पहिल्या दोन-तीन असाइनमेंट होऊन गेलेल्या असतात. त्या मुदतीच्या आदल्या दिवशी वही उघडून पहिले वाक्य पुन्हा वाचावे, त्याखाली असाइनमेंटचे गुण आणि अभ्यास झालेल्या दिवसांची संख्या लिहावी, आणि मगच परीक्षेचे शुल्क भरायचे की नाही ते ठरवावे.